चपला बाहेर काढून

आमच्या घरात कुजबुज बंद झाली, तिथून हे सगळं सुरू झालं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे भिंतीलाच होते, नवऱ्याला नव्हते. भाजीत मीठ जास्त झालं का, एवढं विचारायचं तरी चार घरांना ऐकू जायचं. शेजारची काकू दुसऱ्या दिवशी नळावर मला म्हणायची, बाई, तुमच्या नणंदेचं वागणं खरंच बरोबर नाही बरं. म्हणजे मी आदल्या दिवशी घरात, दार लावून, जे सांगितलं होतं ते. बाप्पा! जीव नुसता विटायचा. गल्लीत नवीन कुणी राहायला आलं की त्याला वाटायचं, ही बाई दिवसभर नवऱ्याशी भांडते. भांडायचेही मी, नाही असं नाही. पण बोलणं आणि भांडण एकाच आवाजात व्हायला लागलं की भांडणातलीसुद्धा मजा जाते.

नवऱ्याचं नाव आमच्याकडे बायका घेत नाहीत. मी अंगणवाडीत शिकवते, मला त्याचं काही वाटायला नको. पण आता ते नाव घ्यायला नको वाटतं, म्हणून इथेही ‘हे’च म्हणते.

हे घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होते, मिलघरात. मिल म्हणजे घराएवढा आडवा लोखंडी ढोल. त्याच्या पोटात लोखंडाचे गोळे असतात. ढोल फिरला की गोळे एकमेकांवर आदळतात आणि मधल्या खड्यांचं पीठ होतं. एकदा डबा घरी राहिला म्हणून मी गेटपर्यंत गेले होते, तर गेटवरच माझ्या दातांत मुंग्या आल्या. आत माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. कानात घालायचे रबरी बोळे होते ना, पण ते कपाटात. तपासणीला साहेब यायचा त्या दिवशी वाटायचे आणि संध्याकाळी परत मागून घ्यायचे. बाकीच्या दिवशी कापूस, तोही ज्याचा त्यानं घरून आणायचा. मी देवाच्या वातींतला काढून द्यायचे.

मिलमध्ये माल कमी पडला की तिचा आवाज बदलतो. तिथले गडी म्हणतात, मिल उपाशी चालून राह्यली. सुरुवातीला हे कानानं ओळखायचे. मग कान जात चालले तसं ह्यांनी एक बूट काढून तळपाय लोखंडी पत्र्यावर टेकवायला सुरुवात केली. पायातून जे वर चढायचं त्यावरून सांगायचे, भरली आहे की उपाशी आहे. जुने सगळेच तसं करायचे. मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, कानाचं काम मी पायाले देऊन टाकलं म्हणून. मी हसले. पोळी करपेपर्यंत हसले मी त्या दिवशी.

वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. हेडफोन लावायचा आणि बारीक आवाज आला की बोट वर करायचं. ज्याचं बोट वर झालं नाही तो अनफिट, आणि अनफिट म्हणजे घरी. म्हणून पाळीच्या पाळीनं एक युक्ती शोधून ठेवली होती. बटण दाबताना तपासणाऱ्याचा खांदा हलायचा. खांदा हलला की बोट वर. आमचे हे त्यात पटाईत. दर वर्षी कान एक नंबर. असे कितीतरी बहिरे त्या मिलघरातून कागदावर ठणठणीत होऊन निघाले. लपवायची इतकी सवय लागली होती त्या माणसांना की घरीसुद्धा लपवायचे. मी काही म्हटलं की मान हलवायची आणि ‘हव’, म्हणजे हो, म्हणायचं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, तुम्ही महाखोटारडे आहात, तर म्हणाले, ‘हव.’

मग एका दुपारी कारखान्याच्या आवारात डंपर मागे मागे येत होता. त्याचा भोंगा वाजत होता, माणसं बोंबलत होती, आणि हे रस्त्याच्या मधून चाललेले. तिथली जमीन सदाचीच हलती, त्यामुळे पायालाही काही कळलं नाही. कुणीतरी शर्ट धरून ओढलं म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका, तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणजे हाकलायचं होतं तेव्हा ह्यांचं बहिरेपण त्याला बरोबर समजलं. पुढे भरपाई मागितली तेव्हा सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

आम्ही घुग्घुसची खोली सोडून गावी आलो. आमचं गाव मूलच्या पुढे, गडचिरोलीच्या रस्त्याला. तीन बाजूंनी जंगल आणि एका बाजूला तळं. मला अंगणवाडी मिळाली ती तिथेच. पण तेवढ्यात भागत नव्हतं, आणि गावात राहायचं तर सगळे जे करतात तेच करायचं: धानाच्या वेळी धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. त्यातलं धान ह्यांना जमलं असतं. भीती मला मोहफुलाची होती.

बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही, पण आमच्याकडे जंगलात जाणाऱ्याचे डोळे थोडे अधू असले तरी चालतात, कान पाहिजेत. वाघ काही सांगून येत नाही. त्याचं बाकीचे सांगतात. वानर झाडावरून खाकरायला लागतं, चितळ हाक देतं, मोर ओरडतो. मोहफूल वेचताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं म्हातारे सांगत आलेत. म्हणून वेचणारे लांब लांब असले तरी अधूनमधून एकमेकांना हाळी देतात. हाळी आली नाही की काम टाकून धावायचं. जो ऐकत नाही त्याला हाळी देऊन उपयोग नाही, आणि जो उत्तर देत नाही त्याच्यापायी सगळ्यांनी कितीदा धावायचं? पहिल्याच उन्हाळ्यात गावानं ह्यांना सोबत न्यायचं टाळलं. तोंडावर कुणी बोललं नाही. नुसते पहाटे लवकर निघून गेले. ह्यांना ते लागलं. मला राग आला, आणि मग कळलं की त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यामुळे जास्त राग आला.

अशात युनियनमधले एक भाऊ गावात आले. त्यांनी सांगितलं की कारखान्याच्या आवाजानं कान गेले तर कायद्यानं तो कामातलाच आजार धरतात आणि त्याची भरपाई मिळते. मी त्यांना दोनदा चहा पाजला. मला त्या पैशाचे दागदागिने करायचे नव्हते. गावात पिठाची चक्की टाकायची होती. घरच्या घरी, माझ्या नजरेसमोर, आणि गंमत म्हणजे चक्कीच्या आवाजाचा ह्यांना त्रासही नसता झाला. ते पैसे आले तर हा माणूस मोहाच्या झाडाखाली वाकणार नव्हता. माझ्या डोक्यात बाकी काहीच नव्हतं.

अर्ज गेला. कारखान्याच्या बाजूनं उत्तर आलं की ह्यांचे कान दर वर्षी तपासले आहेत आणि दर वर्षी चांगले निघाले आहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खांद्याची गोष्ट सांगायची कुणाला? मग ठरलं की पुन्हा तपासणी करायची, आणि कारखान्यानं एक डॉक्टर सुचवला. भाऊंनी बजावलं होतं की हे डॉक्टर लोक मागून हाक मारतात, काहीतरी पाडतात, माणूस खोटं बोलतो का ते पाहतात. मी ह्यांना अंगणात बसवून, ओठ दिसतील असं, समजावलं. या वेळी लपवायचं नाही. खांद्याकडे पाहायचं नाही. जे ऐकू येत नाही ते येत नाही. हे म्हणाले, ‘हव.’ मला त्या ‘हव’चीच भीती वाटली.

डॉक्टरची खोली औषधाच्या दुकानावर होती. अरुंद जिना, वर लाकडी माळा, फळ्यांची जमीन. पाय टाकला की करकर वाजायची. दारात पोचल्यावर ह्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट जोडून ठेवल्या. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या. आतले दोघंही, डॉक्टर आणि त्याचा मदतनीस, बुटात होते. पण आमच्याकडे देवाच्या, मास्तरच्या आणि डॉक्टरच्या दारात चपला घालून जात नाहीत. मीही काढल्या. मला काय माहीत!

यंत्रावर ह्यांनी या वेळी खरं सांगितलं. खांद्याकडे पाहू नये म्हणून डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरनं जुने कागद पाहिले, नवा कागद पाहिला आणि ओठ आवळले. मागून हाक मारली, टाळी वाजवली. हे दगडासारखे बसून. मी हात जोडून भिंतीशी उभी होते. मनात म्हटलं, झालं, निभावलं. तेवढ्यात मागे उभ्या माणसानं लोखंडी स्टूल पायानं लोटलं.

ते पडायच्या आधीच मला कळलं काय होणार. फळ्या माझ्या तळपायाखाली थरारल्या, तशाच ह्यांच्याही. आणि त्या माणसानं, ज्यानं आयुष्यभर पायानं मिल ऐकली, झटकन मान वळवली. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. हे उठले, मागे गेले, स्टूल उचलून जागेवर ठेवलं, आणि आपल्या हातून काही चुकलं असावं तसे डॉक्टरकडे पाहून हसले. म्हणाले, ‘पडलं होतं, साहेब.’

हात दाखवून अवलक्षण ते हेच. डॉक्टर काही लागट बोलला नाही, नुसता लिहायला लागला. मी पुढे झाले. सांगितलं की आवाज नाही, फळ्या हलल्या, ह्यांना पायाला कळतं, मिलघरात असंच करायचे, कुणालाही विचारा. माझा आवाज मोठा, सवयीनं आणखी चढला. डॉक्टरनं पेन थांबवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘बाई, पायाला कान असतात का?’

मागचा माणूस हसला. हे दोघांच्या तोंडाकडे पाहत होते आणि तेही थोडे हसले, सगळे हसत आहेत म्हणून. तो हसरा चेहरा मला आजही सोडत नाही. खाली उतरल्यावर मी रस्त्यात ह्यांना वाट्टेल ते बोलले. लोक थांबून पाहत होते. काऊन उठले, काऊन वळले, तुम्हाला काय स्टुलाचं पडलं होतं? बऱ्याच वेळानं ह्यांच्या लक्षात आलं मी काय म्हणते ते. मग बसमध्ये एकच वाक्य बोलले, ‘पायाले समजलं न, मी काय करू?’ बाहेर मूलपर्यंत जंगलाला वणवे लागलेले दिसत होते. आमच्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे फुलं पडलेली दिसावी. फुलं यायला थोडेच दिवस राहिले होते.

भाऊंनी धीर सोडला नाही. नागपूरला एक तपासणी असते, डोक्याला तारा चिकटवतात, माणसानं काही बोलायचं नाही, मेंदूच सांगतो ऐकू आलं की नाही. तिथे कुणी फसवू शकत नाही आणि कुणी फसतही नाही. त्यासाठी पुन्हा अर्ज केला. तारीख मिळाली ती अक्षय तृतीयेनंतरची. मोहफूल शिमग्यानंतर पडायला लागतं. मी देवासमोर बसून मधले दिवस कसे काढायचे याचा विचार करत होते.

त्याच दिवसांत वाघ तळ्याच्या बाजूला आला. आधी एक गोऱ्हा गेला. मग पलीकडच्या पाड्यावरची शेळी. वनखात्याची गाडी भोंगा लावून गावातून फिरली, एकटं जाऊ नका, अंधारात जाऊ नका. गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा हे दारात बसून टोपलीचा काठ विणत होते. धूळ उडाली तेव्हा वर पाहिलं आणि मला विचारलं, कोण आलं होतं?

मी जाऊ नका म्हणून पाहिलं. भांडले, रडले, टोपली लपवून ठेवली. हे म्हणाले की गडी माणसानं घरात बसून बायकोचं किती दिवस खायचं, आणि मिलघरात मरण नव्हतं का? आणि मग परत तेच, की जमीन मला सांगते. मला त्या पायांचा संताप यायला लागला होता. अहो, मिल जमीन हलवते, स्टूल हलवतं. वाघ गुरांच्या कळपातून जातो आणि शेळीला शेपूट हलवेपर्यंत कळत नाही. तो कोणाच्या पायाला सांगून येईल?

शेवटी मी दोर काढला. गाईचा लांब दोर. एक टोक ह्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या कमरेला. एक हिसका म्हणजे वर पाहा. दोन म्हणजे सगळं टाकून माझ्याकडे या. हिसका कळला की ह्यांनी परत एक हिसका द्यायचा, म्हणजे मला समजेल. अंगणवाडी उघडायच्या आधी आम्ही दोघं जायचो. गावाला फुकटची करमणूक झाली. बायकोनं दावणीले बांधला, असं कुणी म्हणालं, आणि पोरं माझ्यासमोर कमरेला सुतळी बांधून खेळायला लागली. मला हसू यायचं. ह्यांना यायचं नाही. पण दोर चालला. एकदा वानरं खाकरली, मी दोनदा ओढलं, हे टोपली टाकून धावत आले. तेव्हा काही नव्हतं, लांडगे असतील. मी पदरानं ह्यांचं तोंड पुसलं. मला वाटलं, निघतील एवढे दिवस.

त्या दिवशी उजाडत होतं. मी लहान मोहाखाली, आणि मध्ये बांबूचं एक बेट, त्याच्या पलीकडे हे. पलीकडे आणखी पुढे एक जुनं मोठं झाड आहे. त्याच्याखाली त्या दिवशी फुलांचा सडा पडला असणार. दोर तिथपर्यंत पुरत नव्हता. ह्यांनी मनगटाची गाठ सोडली आणि दोर एका लवचीक रोपट्याला बांधला. मला सांगायचं म्हणजे बांबूला वळसा घालून यावं लागलं असतं, आणि मी नाही म्हटलं असतं, हेही त्यांना माहीत होतं.

वानर खाकरलं. एक, मग सगळीच. मी दोनदा ओढलं. दोर ताणला आणि तिकडून हिसका आला. एक. नीट, ठरल्याप्रमाणे. मला उत्तर मिळालं होतं. मी टोपली उचलली आणि ह्यांची वाट पाहत उभी राहिले. रोपटं वाकून सरळ झालं होतं, एवढंच. मी तिथे उभी होते, कमरेला दोर बांधून, आणि मला वाटत होतं की हे येत आहेत.

चितळ ओरडलं तेव्हा मी बांबूला वळसा घातला. पुढचं मी लिहिणार नाही. मी हाका मारल्या, माझ्या त्या आवाजात, जो चार घरांना जायचा. गावातून माणसं धावत आली इतका तो आवाज गेला. ज्याच्यासाठी होता तो पाठ करून वाकलेला होता.

जुन्या मोहाच्या बुंध्याशी ह्यांच्या चपला सापडल्या. काढून, बुंध्याला लावून, नीट जोडून ठेवलेल्या. जमिनीचं ऐकायला काढल्या होत्या.

वाघानं माणूस मारला की सरकार मोबदला देतं, त्याचा पंचनामा करायला वनखात्याचे साहेब दुपारी आमच्या अंगणात आले. चांगला माणूस होता. पाणी पिण्याआधी मला पाणी द्यायला सांगितलं. सगळं विचारत विचारत लिहीत होते. मग थोडं थांबून म्हणाले की वानरं ओरडत होती, तुम्हीही हाका मारत होता, तरी ते जागचे हलले कसे नाहीत? मी सांगितलं की त्यांना ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आता विचारतील, कशावरून?

‘दोन्ही कानांनी?’

‘दोन्ही.’

त्यांनी मान हलवली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं, ‘मयत इसम दोन्ही कानांनी बहिरा होता.’ मग कागद माझ्याकडे फिरवला आणि बरोबर आहे का, विचारलं. कुणी मागून हाक मारली नाही. कुणी स्टूल पाडलं नाही. जुने कागद मागितले नाहीत. मी सही केली. आम्हाला एवढंच लिहून पाहिजे होतं.